हिरवी तारीख

"तारीख नाय," जीवनशेठ म्हणाले, आणि त्यांच्या पाठीमागच्या कॉम्प्युटरवर तो रविवार हिरवागार दिसत होता. तो हिरवा रंग मीच दिलेला होता. रिकामी तारीख हिरवी, लागलेली तारीख लाल, हे शेठनी स्वतः माझ्या शेजारी खुर्ची ओढून ठरवलं होतं. आणि आता माझ्याच आईच्या तोंडावर सांगत होते, तारीख नाय.

मी संघरत्ना. मुरबाडला एसटी स्टँडच्या मागं माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. झेरॉक्स, टायपिंग, बायोडेटा हे पोटासाठी, आणि वेबसाइट बनवणं हा माझा नाद. ही गोष्ट २००८-०९ची. तेव्हा मुरबाडात वेबसाइट म्हटलं की लोक विचारायचे, ती कुठल्या चॅनलला लागते. मी पण हार मानणाऱ्यातली नाही. एकेकाला धरून, बसवून, दाखवून तयार केलं. टोकावडे रोडवर लग्नाचा हॉल असलेले जीवनशेठ पहिले. मग शहापूरचे कोंडूभाऊ मंडपवाले, मग टोकावड्याचा एक बँड. मग सकुबाई. ही बाई दहा-बारा बायकांना घेऊन लग्नांना तांदळाच्या भाकऱ्या करून देते. सगळे हसले, भाकरीवालीला वेबसाइट कशाला म्हणून. पण तिचं नाव कल्याण-ठाण्याला पोचलं तेव्हा हसणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली.

आता, प्रत्येकासाठी वेगळं सॉफ्टवेअर चढवत बसले असते तर माझा जन्म त्यातच गेला असता. लाइट जायची, फोनची लाइन जायची, अर्ध्यात तुटलं की परत पहिल्यापासून. म्हणून मी सॉफ्टवेअर एकदाच चढवलं आणि सगळ्यांना त्या एकाच घरात आणलं. बाहेरून बघाल तर प्रत्येकाचं दार वेगळं, पत्ता वेगळा, रंग वेगळा, फोटो वेगळे. प्रत्येकाला आपापल्या खोलीची चावी. आत मात्र छप्पर एक, भिंती त्याच, पाण्याची टाकी एक. एक सुधारणा केली की सगळीकडं झाली, आणि एक बिघडवलं की सगळीकडून बोंब.

त्या घरातली सगळ्यात गुणाची सामाईक वस्तू म्हणजे तारखांचं पान. पूर्वी सीझनला नुसता सावळागोंधळ असायचा. हॉल लागलाय आणि मंडपवाला भलत्याच गावाला, मंडप उभा आहे आणि भाकरीवाल्यांना निरोपच नाही. पान आल्यापासून शेठच्या ऑफिसात तारीख भरली की ती सगळ्यांच्या साइटवर लाल व्हायची, आणि कोंडूभाऊ, सकुबाई आपापल्या तयारीला लागायचे. भरायचं काम शेठची सून रविना करायची. बी.कॉम. झालेली, हुशार पोरगी, पण सासऱ्यासमोर मान वर नाही.

पाचवं दार आमच्या वस्तीच्या विहाराचं. छप्पन्न सालानंतर दीक्षा घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांचे फोटो, वाचनालयातल्या पुस्तकांची नावं, लग्नाच्या मुलामुलींची माहिती असं त्यावर. नवीन दार उघडलं की सामाईक वस्तू तिथं आपोआप पोचतात. तारखांचं पान तिथंही पोचलं. ते नको असेल तर एक टिक काढावी लागते. मी काढली नाही. का काढू?

शेठच्या हॉलमध्ये आमच्या माणसांचं लग्न कधी लागलं नव्हतं. कोणी नाही म्हणायचं नाही हो, फक्त तारीख नसायची. आदल्या वर्षी शकूमावशीच्या थोरल्या मुलीच्या लग्नाला अशीच तारीख नव्हती. ऐन मे महिन्यात रस्त्याकडेला ताडपत्री बांधून लग्न लावलं, वाऱ्यानं ताडपत्री उडाली आणि जेवणाच्या पातेल्यात माती गेली. वऱ्हाडाचा टेम्पो हॉलवरून गेला तेव्हा माझी आई, गोजाबाई, त्यात पुढं बसली होती. हॉलच्या गेटाला कुलूप होतं. आत चिटपाखरू नव्हतं. ते कुलूप आईच्या डोक्यातून गेलं नाही.

म्हणून माझ्या भावाचं, अनिकेतचं, शहापूरच्या रश्मीशी ठरलं तेव्हा आईनं एकच गोष्ट धरून ठेवली. "लगीन त्या हॉलातच. दुसरीकडं कुठं नाय." पोलिसात जा म्हणणारे होते. पण समोरचा हात जोडून तारीख नाय म्हणतो, तेव्हा गुन्हा कुठला लिहायचा? त्यात आम्हाला मुहूर्त लागत नाही, रविवार लागतो. आम्ही मागितलेल्या रविवारी पंचांगात मुहूर्तच नव्हता, म्हणजे दुसरं कोणी तो हॉल मागायला येणारच नव्हतं.

तर त्या दिवशी शेठच्या ऑफिसात आई, अनिकेत आणि मी. शेठनी चहा पाजला, आईच्या गुडघ्याची चौकशी केली. माणूस गोड. शिवी देणाऱ्याशी भांडता येतं, गोड बोलणाऱ्याशी भांडायला गेलं की आपणच भांडखोर ठरतो. पण मी भांडखोर आहेच, तेव्हा मला काय?

"शेठ, तारीख हिरवी दिसतेय," मी बोट दाखवलं.

शेठनी मागं वळून पाहिलंही नाही. "अगो, ते भरायचं राहिलं असंल. रविनाच्या ध्यानातून गेलं. तुमी दुसरा दिवस बघा, मी नाय कशाला म्हणीन?"

रविना कीबोर्डकडं बघत बसली. आम्ही उठलो. मी दुकानात येऊन पान उघडलं तर रविवार लाल झालेला. खाली लिहिलेलं, ‘खाजगी कार्यक्रम’. अंगाची नुसती लाही झाली. आम्ही गेट ओलांडायच्या आत भरलं असणार.

अनिकेत माझ्या मागं उभा होता. "ताई, सगळ्या घराची चावी तुझ्याकडंय ना? कर हिरवा. आपलं नाव टाक आणि मोकळी हो."

मला येत नव्हतं असं नाही. पाच दारांची मास्टर चावी माझ्याकडंच होती. पण मी तसं केलं असतं तर शेठ गावभर सांगत फिरले असते की पोरीनं माझ्या साइटमध्ये चोरी केली, आणि तेवढ्यापुरते ते खरे ठरले असते. मला त्यांना खरं ठरवायचं नव्हतं. त्यांच्या दारातली तारीख त्यांच्याच घरातल्या हातानं बदलली पाहिजे, हे मी अनिकेतला सांगितलं. तो चिडून निघून गेला. लग्न त्याचं होतं, चिडणारच.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं न उघडलं तोच शहापूरहून कोंडूभाऊंचा फोन.

"ताई, तुमचं पान बिघडलंय."

"काय झालं?"

"त्या रविवारी मुहूर्त नाय, काय नाय. आन शेठचा हॉल लाल. मला निरोप नाय. खरं सांगा, त्यानं कल्याणवाल्या मंडपवाल्याला काम दिलं ना?"

मी काही बोलायच्या आत सकुबाई दारात हजर, सोबत तिच्या दोन बायका. तिचा पोरगा तिला रोज पान वाचून दाखवायचा. पदर खोचलेला होता, म्हणजे बाई तयारीनं आली होती. "रत्ना, हॉल लागला आन भाकऱ्या कोन करतंय? आमी मेलो का?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शेठनी नेहमीच्या सवयीनं थाप मारली होती. पूर्वी थाप मारली की ती ऑफिसातच राहायची. आता मात्र ती पाच दारांतून बाहेर पडली होती. हॉल लाल म्हणजे मंडप, बँड, भाकऱ्या, सगळ्यांना काम. खोटा लाल भरला, पण त्या लालाचं काम कोणाला दिलं हे शेठ सांगणार कुठून? ही मेख मी मारलेली नव्हती. त्यांनी स्वतःच मारून घेतली होती.

मी दोघांनाही सरळ सांगितलं. पान बिघडलेलं नाही, जे भरलं तेच दाखवतंय. आम्ही अनिकेतच्या लग्नाला तारीख मागितली तोपर्यंत ती हिरवी होती.

फोनवर कोंडूभाऊ खाकरून म्हणाले, "ते तुमचं आन शेठचं तुमी बघा. मी त्यात पडत नाय." मला राग आला, पण आश्चर्य वाटलं नाही. कोंडूभाऊ वाईट माणूस नाही, फक्त स्वतःचा मंडप पडत नाही तोवर तो हलत नाही.

सकुबाईचं तसं नव्हतं. तिला समजायला जरा वेळ लागला, आणि समजलं तशी ती बाकावर बसली. "म्हंजे कार्यक्रमच नाय? हॉल मोकळा ठेवणार, पण तुमाला नाय देणार? मंग माझ्या बाया त्या दिशी घरी बसतील त्या कोनाच्या थाटासाठी?" तिनं माझ्या हातातून फोन ओढून घेतला. "कोंडू, ऐकलंस का रे? तुझा मंडप बी घरीच बसनार हाय. ये मुरबाडला. आज ये."

आणि कोंडूभाऊ आले.

दुपारी आम्ही सगळे शेठच्या ऑफिसात. आईला मी येऊ नको म्हटलं होतं, पण ती आमच्या आधी पोचून दाराशी उभी होती. शेठनी एवढी माणसं बघून परत चहाची ऑर्डर द्यायला हात वर केला. सकुबाई म्हणाली, "चहा नको. त्या रविवारी कोनाचा कार्यक्रम हाय ते सांगा."

"मुंबईची पार्टी आहे," शेठ म्हणाले. "सगळं त्यांचं ते आणणार."

"बाहेरचा मंडप हॉलात लावायचा नाय, हे आपलं ठरलेलं हाय," कोंडूभाऊ म्हणाले. "पार्टीचं नाव सांगा, मी बोलतो त्यांच्याशी."

शेठ नाव शोधायला लागले. मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदा त्यांना चटकन थाप सुचली नाही. कार्यक्रम खरा म्हटलं तर मंडपवाला सोडत नव्हता, खोटा म्हटलं तर आम्ही समोर उभे होतो. मग त्यांचा गोडवा संपला. ते माझ्याकडं वळले.

"हे सगळं तुझ्या त्या पानामुळं. माझी साइट वेगळी कर. तुमच्या विहाराची आन माझी एका जागी नको."

एवढी वर्षं जे तारखेच्या आड लपलेलं होतं ते आता टेबलावर येऊन पडलं होतं. खरं सांगते, मला बरं वाटलं. आता भांडता येणार होतं.

"करते वेगळी," मी म्हणाले. "आजच करते. तुमचे फोटो, तुमचा मजकूर, सगळं काढून देते, काही अडवून ठेवणार नाही. दुसरं घर बांधा, दुसरा माणूस शोधा. पण या घरातून गेलात की तारखांचं पान तुमच्याकडं येणार नाही आणि तुमचा हॉल पानावर दिसणार नाही. कारण पान सामाईक आहे. एकाला दिसणार आणि दुसऱ्याला नाही, असं मी बनवलेलं नाही आणि बनवणारही नाही."

"तर मंग विहाराची काढ."

"ती नाही निघणार. घर माझं आहे, शेठ. तुम्ही भाडेकरू आहात."

शेठच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी कोंडूभाऊंकडं पाहिलं, आपला माणूस म्हणून. कोंडूभाऊ छताकडं बघत म्हणाले, "शेठ, तुमी पानावरनं गेलात तर मला तुमच्या तारखा कोन सांगणार? शहापूरला नवा हॉल झालाय. त्याचा मालक दोनदा विचारून गेला, मला पण पानावर घ्या म्हणून. मी आपला पान बघून काम धरणारा माणूस."

"आन मुहूर्त नसलेल्या दिशी काम देणारी ही मानसं," सकुबाई म्हणाली. "त्यांना हाकलता, म्हंजे आमालाच हाकलता."

शेठ पेपरवेट फिरवत, रविनाकडं न बघता म्हणाले, "दे त्यांना तो रविवार. पण तिथं ‘खाजगी कार्यक्रम’च राहू दे. नावं नको."

इथं एक गोष्ट सांगायला पाहिजे. शेठच्या हॉलात लग्न ठरलं की त्यांच्या साइटच्या पहिल्याच पानावर ‘शुभविवाह’ असा मथळा आणि खाली जोडप्याची नावं यायची. ही शेठचीच हौस. माझ्याकडून त्यांनी ते दोनदा बदलून घेतलं होतं, नावं मोठी दिसायला पाहिजेत म्हणून. सगळ्यांची नावं मोठी, आणि आमचं तेवढं खाजगी.

मी तोंड उघडणार तेवढ्यात आई दारातून आत आली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"शेठ, माझा पोरगा काय चोरून लगीन करतोय का?"

"तसं नाय गोजाबाई, उगाच चर्चा होते."

"होऊ दे. नाव नाय तर हॉल पन नको. आमी तुमच्या गेटासमोर रस्त्यावर लगीन लावू. हॉल मोकळा आन आमी उन्हात. येनारा-जानारा विचारील, तेला तुमीच सांगा, तारीख नव्हती म्हनून."

शेठ उठले आणि आतल्या खोलीत निघून गेले. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत.

कोंडूभाऊ घड्याळ बघायला लागले. तेवढ्यात रविनाचा बारीक आवाज आला. "ताई, मथळा काय लिहू? यात शुभविवाह, साखरपुडा, बारसं, एवढंच येतंय."

"सासरे काय म्हणतील?" मी विचारलं.

"पप्पा नाय म्हणाले नाहीत ना," रविना म्हणाली, आणि पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडं बघून हसली.

आमच्यात शुभविवाह लिहीत नाहीत. पत्रिकेवर ‘मंगल परिणय’ असतं. पण मथळे ही सुद्धा सामाईक वस्तू. नवीन मथळा माझ्या चावीनंच घालता येणार होता. मी शेजारच्या खुर्चीवर बसले आणि तो घातला. कोणाच्या खोलीत शिरायची गरज नव्हती, घराच्या मालकिणीचं काम होतं ते. पुढचं सगळं रविनानं केलं. मंगल परिणय. अनिकेत आणि रश्मी. "रश्मीचं गाव शहापूर ना?" तिनं विचारलं, गावही टाकलं, आणि बटण दाबलं.

रविवार लालच राहिला, फक्त आता तो आमचा होता. शेठच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात, कोंडूभाऊंच्या, बँडवाल्यांच्या, सकुबाईच्या आणि विहाराच्या पानावर, सगळीकडं एकदम. आईला थोडंफार वाचता येतं. तिनं वाकून ते वाचलं आणि म्हणाली, "शेठच्या पानावर बी हेच दिसतं का?" मी हो म्हटलं. "मंग बास."

संध्याकाळी शेठचा फोन आला. परत गोड. "रत्ना, तो मथळा त्या दिवसापुरताच आहे ना?"

"नाही शेठ. आता तो घरात आलाय. राहणार."

लग्नाच्या सकाळी आम्ही लवकर पोचलो तर गेटाला कुलूप. चावीवाला गडी आजारी म्हणे. गेटावर लग्नाचा बोर्ड असतो तोही नव्हता, पेंटर आला नाही म्हणे. वऱ्हाडातली पोरं कुजबुजायला लागली. मला वाटलं, हे आपण गृहीतच धरायला पाहिजे होतं.

पण कोंडूभाऊंच्या टेम्पोतून मंडपाच्या सामानासोबत एक गुंडाळी उतरली. उलगडली तर फ्लेक्स. शेठच्या साइटचं पहिलं पानच त्यांनी शहापूरला छापून घेतलं होतं, वर हॉलचं नाव, शेठचा फोटो, आणि खाली मंगल परिणय, अनिकेत आणि रश्मी. "मी काय माझ्या मनचं लिहिलेलं नाय," कोंडूभाऊ म्हणाले. "शेठनीच जाहीर केलंय." आणि त्यांनी तो गेटाच्या कमानीवर बांधून टाकला. ज्या माणसाला यात पडायचंच नव्हतं तो शिडीवर चढून दोऱ्या आवळत होता.

मग रविना स्कूटीवरून आली. पर्समधून चावी काढून तिनं माझ्या हातात द्यायला हात पुढं केला, पण आई मध्ये आली. आईनं चावी घेतली आणि स्वतः कुलूप उघडलं. गंजलेलं होतं, जरा जोर लावावा लागला.

त्रिशरण, पंचशील झालं. फुलं उधळली. सकुबाईच्या बायकांनी भाकऱ्यांचा ढीग लावला. शेठ शेवटी आले, कमानीवरचा स्वतःचा फोटो बघून थबकले, आणि माणसं बघताहेत म्हटल्यावर हात जोडून आत आले. आईनं त्यांना पहिल्या पंगतीला बसवलं. जेवले. भाकरी दुसऱ्यांदा मागून घेतली.

संध्याकाळी सगळं आवरल्यावर रविना चावी मागायला आली. आईनं चावी दिली. कुलूप मात्र तिच्या पिशवीत होतं, आणि पिशवी तिनं काखेत घट्ट धरलेली होती.

"मावशी, कुलूप पण पाहिजे ना. गेट बंद करायचंय."

"बंद कशाला करतेस?" आई म्हणाली. "पुढच्या रविवारी शकूच्या धाकटीचं लगीन हाय. तारीख हिरवी हाय, मी बघून आले."